स्ट्राँग हायब्रिड: घाट, उतार आणि तळघराचा रॅम्प. टोयोटाची रचना बरी की होंडाची?

प्रश्न: सह्यकडा

नवीन गाडी घ्यायची आहे. वापर वर्षाला साधारण १२,००० किमी, त्यातला तीन चतुर्थांश पुणे शहरात, उरलेला सातारा, महाड, मुंबई. म्हणजे खंबाटकी, वरंधा आणि बोरघाट आलेच. डिझेल नको, पूर्ण इलेक्ट्रिक सध्या सोसायटीत चार्जिंगची सोय नसल्यामुळे नको. म्हणून मारुती ग्रँड व्हिटारा/टोयोटा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे काही अंतर नुसत्या मोटरवरही चालणारी पेट्रोल गाडी; या दोन्हींत टोयोटाचीच यंत्रणा) आणि होंडाची हायब्रिड, सिटी ई:एचईव्ही, या दोन रचनांचा विचार आहे.

किंमत, सनरूफ, शोरूमच्या ऑफर यांवर चर्चा नको. मला यंत्ररचनेबद्दल विचारायचं आहे:

१. हायरायडरची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासांची, म्हणजे जेमतेम पाऊण युनिट. ती घाटात संपली की १.५ लिटरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर (९२ पीएस) भरलेली गाडी चढेल का?
२. टोयोटाची ग्रहमाला गिअरची रचना आणि होंडाची 'इंजिन वीज करतं, मोटर चाकं फिरवते' ही रचना, यांत तत्त्वतः सरस कोणती?
३. दोन मोटरी, इन्व्हर्टर (बॅटरी आणि मोटर यांच्यात विजेचं रूप बदलणारा भाग), मोठी बॅटरी... एवढं सगळं म्हणजे बिघडायलाही तेवढंच जास्त, हे खरं का?

उत्तर: किलोवॅट

आधी पहिला प्रश्न, कारण ही भीती सगळीकडे दिसते आणि साध्या गणिताने ती जाते.

गाडी अधिक चार माणसं आणि सामान मिळून १,५५० किलो धरा. चढ ६ टक्के, म्हणजे दर १०० मीटरला ६ मीटर. वेग ताशी १०० किमी, जो घाटात कुणी ठेवूच नये, पण वाईटात वाईट स्थिती म्हणून घेऊ. नुसतं वजन वर न्यायला सुमारे २५ किलोवॅट लागतात. टायरचं घर्षण आणि हवेचा रोध यांना आणखी १६. चाकाशी एकूण ४२ किलोवॅटच्या आत. वहनातली गळती आणि एसी धरून इंजिनाकडून फार तर ५० किलोवॅट हवेत. ९२ पीएस म्हणजे ६८ किलोवॅट. बॅटरी पूर्ण बाजूला ठेवली तरी इंजिनाकडे शिल्लक उरते. ताशी ६० किमीने ५ टक्के चढ चढायचा तर चाकाशी १८ किलोवॅट पुरतात.

मग लोक 'घाटात दम लागतो' का म्हणतात? दोन कारणं. पहिलं, आवाज. इथे गिअर पडत नाही. ताकद जास्त मागितली की इंजिन थेट चार-साडेचार हजार फेऱ्यांवर जाऊन तिथेच घुमत राहतं. मॅन्युअल गाडीत वेग वाढला की आवाज वाढतो. इथे वेग तोच आणि आवाज मात्र चढा, त्यामुळे इंजिनाला त्रास होतोय असं वाटतं. प्रत्यक्षात ते आपल्या सोयीच्या जागी चाललेलं असतं.

दुसरं कारण खरं आहे आणि ते ओव्हरटेकशी संबंधित आहे. कागदावरची एकत्रित ताकद ११६ पीएस, म्हणजे ८५ किलोवॅट. इंजिनाचे ६८ वजा केले तर वरचे १७ बॅटरीतून येतात. बॅटरी कधीच शून्य ते शंभर वापरली जात नाही. वापरातला पट्टा साधारण ४० टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ०.३ युनिट. १७ किलोवॅटने ०.३ युनिट जेमतेम एक मिनिट टिकतं. चढावर लागोपाठ तीन-चार ट्रक मागे टाकायचे असतील तर शेवटच्या ट्रकपाशी हात आखडता वाटणारच. वरंध्यात असं ओव्हरटेक मोजून-मापूनच करावं.

उत्तर: पाना-पक्कड

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

टोयोटाची रचना १९९७ च्या पहिल्या प्रियसपासून (टोयोटाची हायब्रिड गाडी) मुळात तीच आहे. एक ग्रहमाला गिअरसंच. मधल्या सूर्य-चाकाला एमजी-१ (एमजी म्हणजे मोटर-जनरेटर; हा मुख्यतः जनरेटर, आणि इंजिन सुरू करणारा स्टार्टरही तोच). ग्रह-चाकं ज्या चौकटीवर बसतात तिला इंजिन. बाहेरच्या रिंगेला गाडीची चाकं, आणि चाकांच्याच बाजूला एमजी-२ ही मुख्य मोटर. प्रियसच्या संचात सूर्य-चाकाला ३० दाते, ग्रहांना २३, रिंगेला ७८. यातून एकच सूत्र निघतं:

एमजी-१ च्या फेऱ्या = ३.६ × इंजिनाच्या फेऱ्या − २.६ × रिंगेच्या फेऱ्या

बस, हाच तुमचा गिअरबॉक्स. गाडी उभी (रिंग शून्य) आणि इंजिन २,००० वर असेल तर एमजी-१ ७,२०० वर फिरून बॅटरी भरतो. गाडी चालती ठेवून इंजिन बंद केलं तर एमजी-१ उलटा फिरतो. एमजी-१ चा वेग बदलला की इंजिन आणि चाकं यांच्यातलं गुणोत्तर सलग बदलतं. पट्टा नाही, सरकणारी पुली नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, क्लच नाही, रिव्हर्सचा गिअरही नाही. दाते कायम एकमेकांत अडकलेले. याला ई-सीव्हीटी म्हणतात आणि त्या नावानेच घोळ होतो. पट्टा आणि पुलीवर गुणोत्तर सलग बदलणाऱ्या नेहमीच्या सीव्हीटी गिअरबॉक्सशी याचा काडीचा संबंध नाही.

टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) वाटणी ठरलेली असते, ७८/१०८ म्हणजे ७२ टक्के थेट यांत्रिक मार्गाने चाकांकडे, २८ टक्के एमजी-१ कडे. (ही वाटणी टॉर्कची आहे. ताकदीची वाटणी फेऱ्यांप्रमाणे बदलते. या दोन्हींची गल्लत फार होते.) एमजी-१ जवळपास थांबलेला असतो तेव्हा सगळी ताकद दात्यांतूनच जाते, आणि ती या रचनेची सर्वांत कार्यक्षम जागा.

होंडात शहरात इंजिनाचा चाकांशी संबंधच नसतो. इंजिन जनरेटर फिरवतं, वीज इन्व्हर्टरमधून २५३ न्यूटन-मीटरच्या मोटरला जाते, मोटर चाकं फिरवते. हायवेला स्थिर वेगात एक क्लच जुळतो आणि इंजिन एकाच ठरलेल्या गुणोत्तराने थेट चाकांना जोडलं जातं. तो क्लच का ठेवला? विजेच्या मार्गातली गळती बघा. जनरेटर ९४ टक्के, इन्व्हर्टर दोनदा ९७, मोटर ९४ धरली तर गुणाकार ८३ टक्के येतो. दात्यांतून थेट ९७ च्या आसपास मिळतात. तासन्‌तास एकाच वेगात जायचं तर ही १४ टक्के गळती परवडत नाही. निसानने २०१६ च्या नोट ई-पॉवरमध्ये क्लच ठेवलाच नाही. जपानच्या कमी वेगाच्या शहरी वापरात ते खपून गेलं.

माझं मत: नुसतं यंत्र म्हणून पाहिलं तर टोयोटाची मांडणी जास्त सुंदर आहे. एक गिअरसंच आणि दोन मोटरी यांत स्टार्टर, अल्टरनेटर, क्लच, गिअरबॉक्स एवढी सगळी कामं भागतात.

उत्तर: थेट_मोटर

पाना-पक्कड, सूत्र बरोबर, पण त्याच सूत्रात टोयोटाच्या मर्यादाही आहेत आणि त्या तुम्ही सोडल्यात.

एक: इंजिन बंद ठेवून वेग वाढवला की एमजी-१ उलट्या दिशेने रिंगेच्या २.६ पट वेगात फिरतो. त्याची सहनशक्ती संपली की इंधन न देता का होईना, इंजिन फिरवावं लागतं. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ही सीमा ताशी ६७ किमीच्या आसपास होती. नंतरच्या पिढ्यांत ती बरीच वर गेली, पण बंधन भूमितीतच आहे. होंडात ते नाही.

दोन: जास्त वेग आणि कमी ताकद या स्थितीत इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवायच्या तर एमजी-१ ला उलटं फिरवून मोटर म्हणून चालवावं लागतं, आणि त्याला वीज देते एमजी-२, चाकांकडून ताकद घेऊन. म्हणजे काही ताकद नुसती गोल फिरते आणि प्रत्येक फेरीत थोडी उष्णता होऊन जाते. होंडाचा क्लच जुळला की ही भानगड नाही.

तीन, आणि सह्यकडा यांच्या सोसायटीत तळघर पार्किंग असेल तर हे महत्त्वाचं: रिव्हर्स. टोयोटात मागे जायला फक्त एमजी-२ कामाला येतो. तेवढ्यात बॅटरी खाली आली आणि इंजिन सुरू झालं, तर इंजिनाचा ७२ टक्के टॉर्क रिंगेला पुढच्या दिशेने ढकलतो. मोटर मागे ओढतेय आणि इंजिन पुढे रेटतंय, अशी रस्सीखेच होते. सपाटीवर कळतही नाही. तीव्र रॅम्पवर, गाडी भरलेली आणि बॅटरीच्या दोनच कांड्या असतील, तर उलटं चढताना जोर कमी पडू शकतो. होंडात रिव्हर्सला पूर्ण मोटर मिळते, इंजिन मागून फक्त वीज पुरवतं.

उत्तर: पाना-पक्कड

रिव्हर्सचा मुद्दा मान्य. नव्या पिढ्यांत एमजी-२ आणि चाकांच्या मध्ये वेगळी गिअर-घट (फेऱ्या कमी करून जोर वाढवणारे गिअर) आल्यामुळे मोटरचा जोर वाढलाय आणि रस्सीखेच बरीच एकतर्फी झालीय. तरी तत्त्व तेच. सवय लावायची ती एवढीच की, गाडी रॅम्पवर उलटी चढवायची वेळ येणार असेल तर बॅटरी निम्म्याच्या वर ठेवून जायचं.

उत्तर: उतारवाला

सगळे चढाबद्दल बोलतायत. हायब्रिडचं खरं मर्म उतारात कळतं.

बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे ५०० मीटर खाली येतो. १,५५० किलोची त्या उंचीवरची स्थितिज ऊर्जा ७.६ मेगाज्यूल, म्हणजे २.१ युनिट. त्यातलं सुमारे ०.९ युनिट टायर आणि हवा खातात. उरलं १.२. ब्रेक लावताना मोटर ते विजेत बदलते, ७० टक्के हाती लागलं तरी ०.८ युनिट. आणि बॅटरीत रिकामी जागा किती? फार तर ०.३. म्हणजे अर्धा घाट संपायच्या आत बॅटरी भरते आणि पुढची वीज ठेवायला जागाच नसते.

तेव्हा गाडी काय करते, तर एमजी-१ कडून इंजिन इंधनाशिवाय फिरवते आणि ती जास्तीची वीज इंजिनाच्या पंपिंगमध्ये जाळते. उतारात इंजिन अचानक भणभणायला लागलं की लोक घाबरतात. तो बिघाड नाही, गाडी तुमच्या ब्रेक-डिस्क वाचवतेय. लांब उतारावर सुरुवातीलाच गिअर-लिव्हर 'बी'वर (इंजिन-ब्रेकिंगची जागा) टाका, म्हणजे हे काम लवकर आणि जास्त जोराने सुरू होतं. फक्त घाट संपला की परत 'डी'. शहरात कायम 'बी'मध्ये चालवणारे आहेत. त्यांना वाटतं वीज जास्त साठते. उलट होतं, जी वीज बॅटरीत गेली असती तीच इंजिन फिरवण्यात जाते.

इथे दोन्ही कंपन्यांवर माझा एकच आक्षेप आहे. पाऊण युनिटच्या जागी दोन युनिटची बॅटरी दिली असती तर सह्याद्रीतल्या प्रत्येक उताराची वीज पुढच्या शहरात वापरता आली असती. वजन, जागा आणि किंमत पाहता त्यांनी ते का टाळलं ते समजतं, पण आपल्या भूगोलाला ते सोसत नाही.

उत्तर: स्पॅनर_१०नंबर

तिसरा प्रश्न. बिघाड कुठे होतात ते नेमकं सांगतो, म्हणजे 'जास्त भाग म्हणजे जास्त बिघाड' ही समजूत तपासता येईल.

सर्वांत जास्त गाड्या अडतात त्या मोठ्या बॅटरीमुळे नव्हे, साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडायचे ते काम तिचं. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' (चालायला तयार) होत नाही. गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तासभर 'रेडी'मध्ये ठेवा. नुसतं अ‍ॅक्सेसरीवर ठेवलं तर ती उलट उतरते. आणि आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी जंप-स्टार्ट करू नका.

मग न्यूट्रल. सिग्नलला न्यूट्रल करायची सवय इथे सोडायची. टोयोटाच्या रचनेत 'एन'मध्ये दोन्ही मोटरींचे इन्व्हर्टर बंद होतात, त्यामुळे बॅटरी भरत नाही. एसी मात्र त्याच बॅटरीवर चालू. चांदणी चौकात अर्धा तास 'एन'मध्ये बसलात तर बॅटरी खाली जाईल. 'डी'त ब्रेक धरा, जास्त वेळ असेल तर 'पी'.

तिसरी गोष्ट बॅटरीच्या पंख्याची जाळी. हवेने थंड होणारी बॅटरी केबिनमधली हवा खेचते, मागच्या सीटजवळच्या जाळीतून. तिथे धूळ, केस, सीट कव्हरचे तंतू अडकतात. हवा कमी, तापमान जास्त, सेल लवकर म्हातारे. दर १०,००० किमीला जाळी काढून ब्रशने साफ करा आणि त्या जाळीवर बॅग किंवा गादी कधीच ठेवू नका. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि सर्व्हिसमध्ये हमखास राहून जातं.

ट्रान्सअ‍ॅक्सलचं (मोटरी आणि गिअर एकत्र असलेल्या पेटीचं) तेल बदलायचं असेल तर आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, मगच निचऱ्याचा बोल्ट खोला. उलट केलंत आणि वरचा अडकला तर तेलाविना गाडी जॅकवर अडकते. गाडी समपातळीत ठेवून भरायच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरायचं. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेलच वापरा. 'सीव्हीटी' नाव वाचून कुणी पट्ट्याच्या सीव्हीटीचं तेल घालत असेल तर हात धरा. या तेलात मोटरच्या तांब्याच्या गुंडाळ्या बुडालेल्या असतात, त्याचे विद्युत गुणधर्म वेगळे लागतात.

ब्रेक ऑइल बदलताना नेहमीसारखं पेडल मारून हवा काढू नये. दाब तयार करणारा पंप वेगळा असतो, त्यासाठी स्कॅनरमधली प्रक्रिया चालवावी लागते. आणि ब्रेक कमी वापरले जात असल्याने पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. पॅड झिजले नाहीत म्हणून चाक न खोलता पुढे जाणं चूक. पावसाळ्यानंतर पिना काढून ग्रीस करून घ्या.

नारिंगी वायरींना घरी हात नको. जाणकार मेकॅनिकसाठी क्रम असा: गाडी बंद, चावी लांब, १२ व्होल्टचा ऋण टोक सोडवा, १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा प्लग) काढा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवा, दहा मिनिटं थांबा, इन्व्हर्टरच्या टोकांवर मीटरने शून्य व्होल्ट बघा. दहा मिनिटं कपॅसिटर रिते होण्यासाठी आहेत, ती वाचवायची नाहीत.

रचनेतल्या खऱ्या चुकाही झाल्या आहेत. २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून तिसऱ्या पिढीच्या १९ लाख प्रियस परत बोलावल्या. व्होल्टेज वाढवणाऱ्या भागातले ट्रान्झिस्टर जास्त तापत होते. उपाय होता नवा सॉफ्टवेअर. त्याच पिढीच्या १.८ लिटर इंजिनात ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) काजळीने तुंबून पुढे हेड गॅस्केट जाण्याच्या तक्रारी जुन्या गाड्यांत प्रसिद्ध आहेत. दुसरी तक्रार नीट पाहा, ती इंजिनाची आहे, मोटर-बॅटरीची नाही.

उत्तर: डिझेल_अजून_जिवंत

शहराचं सगळं पटलं. पण १०० च्या वेगात सलग नाशिक-धुळे करणाऱ्याला हायब्रिडचा फायदा किती? तिथे ना ब्रेक, ना सिग्नल.

उत्तर: किलोवॅट

थोडाच, आणि तो बॅटरीचा नसून इंजिनाचा. ही इंजिनं अ‍ॅटकिन्सन पद्धतीची असतात. इनटेक वाल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे दाबायला हवा कमी आणि प्रसरणाला जागा जास्त. कमी फेऱ्यांतला टॉर्क जातो, तो मोटर भरून काढते. ताशी १०० ला लागणाऱ्या १६ किलोवॅटवर साध्या पेट्रोलला १६ किमी पडत असतील तर हायब्रिडला १९ धरा. डिझेल तिथे बरोबरीत किंवा पुढे राहील.

शहरात चित्र पालटतं. ताशी ४० च्या स्थिर वेगाला पावणेतीन किलोवॅट पुरतात. एवढ्या कमी भारावर साधं पेट्रोल इंजिन फार उधळं चालतं. हायब्रिड तिथे इंजिन बंदच ठेवतं आणि चालवेल तेव्हा भरपूर भारावर चालवतं. मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर असल्यामुळे सिग्नलला इंजिन जागं राहत नाही. माइल्ड हायब्रिडमध्ये (जिथे छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते) हेच नाही: तिथली बॅटरी १२ व्होल्ट × ६ अँपिअर-तास, म्हणजे ७२ वॅट-तास, आणि कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर.

पेट्रोल १०० रुपये धरून: वर्षाला १२,००० किमी शहरात, १३ ऐवजी २१ चं मायलेज पडलं तर ३५० लिटर, ३५ हजार रुपये वाचतात. तेवढेच किमी हायवेला, १६ ऐवजी १९, तर १२० लिटरही नाहीत. एआरएआय या चाचणी संस्थेचे हायरायडरसाठी २७.९७ आणि होंडासाठी २७.१३ हे मायलेजचे आकडे एसी बंद आणि ९० च्या कमाल वेगाचे आहेत, त्यावरून हिशोब मांडू नका.

सह्यकडा

सगळ्यांचे आभार. माझ्या रॅम्पचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आमच्याकडे गाडी उलटी बाहेर काढावी लागते. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय तपासू?

उत्तर: थेट_मोटर

शोरूमची गाडी तुमच्याच सोसायटीत आणायला सांगा. चार माणसं बसवा. 'पी'मध्ये एसी पूर्ण लावून उभी ठेवा. बॅटरी उतरत उतरत इंजिन सुरू होतं, त्या क्षणी लगेच रॅम्पवर उलटी चढवा, मध्येच पूर्ण थांबून पुन्हा उचला. हायरायडर आणि सिटी दोन्हींवर हाच प्रयोग, त्याच दिवशी, त्याच चार माणसांसह. सिटीचा पोटाकडचा भाग रॅम्पच्या माथ्यावर घासतो का तेही वाकून बघा, ती सेडान आहे.